पाना जिथवर पोहोचतो

वसईला आगगाडी १८६४ साली आली, पण स्टेशनावरून होळी बाजारापर्यंत येणारा रस्ता त्यानंतरही बरीच वर्षं टांग्यांचा आणि बैलगाड्यांचाच राहिला. मोटारी आल्या त्या उशिरा आणि थोड्या. म्हणून आमच्याकडे मोटार दुरुस्तीची विद्या रस्त्यावरून आली नाही, ती बंदरावरून आली. पाचूबंदर, किल्लाबंदरच्या कोळ्यांनी होड्यांना इंजिनं बसवली. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर जीवाशी गाठ, म्हणून काही माणसं ती इंजिनं खोलायला आणि जुळवायला शिकली. त्यांतलेच काही जण पुढे गाड्यांकडे वळले. माझे उस्ताद त्यांतले. होळी बाजाराच्या मागच्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे रॉकेलात पाने धुवायला लागलो आणि आयुष्यभर त्याच कामात राहिलो.

हल्ली गॅरेजवर येणारी तरुण मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. नव्या स्पोर्ट्‌स कारचं नेहमीचं काम, म्हणजे ऑइल बदलणं, फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग, हे आपल्या हातांनी करता येतं का? की ती फक्त कंपनीच्या वर्कशॉपमध्येच उघडायची वस्तू आहे? माझं उत्तर आहे की बरंचसं करता येतं, आणि काही बाबतींत आमच्या जुन्या गाड्यांहून सोपं जातं. पण हे कुणाला एकदम पटत नाही. ते पटायला गाड्या कशा बदलत गेल्या ते आधी पाहावं लागतं.

मी शिकलो तेव्हा मोटार म्हणजे फियाट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जात. १९५४ पासून तिथून फियाट ११०० निघू लागली. १९६४ साली डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिचीच प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. नावं बदलली, पण बॉनेटखालचं १०८९ सीसीचं इंजिन तेच राहिलं. त्या बॉनेटखाली माणसाला हात घालायला जागा होती. इंजिन मधोमध, आणि दोन्ही बाजूंना इतकी मोकळीक की वरून पडलेला नट थेट जमिनीवर सापडायचा. प्लग, डिस्ट्रिब्यूटर, कार्बोरेटर, फॅन बेल्ट, सगळं नजरेसमोर. दहा-अकराचा, बारा-तेराचा पाना, एक प्लग पाना, पक्कड, पेचकस आणि फिलर गेज एवढ्या सामानात नेहमीचं सगळं काम उरकायचं.

पारनाक्याकडचे एक शिक्षक होते. त्यांच्याकडे त्यांच्या भावाची जुनी डिलाइट होती. दर रविवारी सकाळी ते प्लग काढून पॉलिश पेपरने घासत, सीबी पॉइंट साफ करून गॅप लावत, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन चोपडत आणि रेडिएटरमध्ये पाणी भरत. फिलर गेज सापडलं नाही तर हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्याने कामचलाऊ गॅप लावून ते आमच्याकडे यायचे आणि म्हणायचे, “उस्ताद, जरा बघा हो, कान काय सांगतो?” उस्ताद इंजिनाशी कान नेऊन डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवायचे आणि गाडीचा आवाज बसायचा. मास्तरांना कुणी मेकॅनिक म्हणत नसे. गाडी ठेवणाऱ्याने एवढं करायचं असतं, असाच तेव्हा समज होता.

या समजामागे नाइलाजही होता. परवाना राज्याच्या काळात नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे आणि परदेशी गाडी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. जी गाडी हातात आहे ती वीस-पंचवीस वर्षं चालवायचीच, असं ठरूनच गेलेलं असे. पार्ट हवा असेल तर विरार लोकलने दादरला उतरायचं, मध्य रेल्वेने कुर्ला गाठायचं आणि सीएसटी रोडवरच्या दुकानांत शोधायचं. तिथे नाही मिळालं तर ऑपेरा हाऊस. पिस्टन रिंगांचा सेट पिशवीत घालून संध्याकाळच्या गर्दीतून उभ्याने परत यायचं. हे सगळं परवडायचं, कारण आणलेला पार्ट बसवायला लागणारी विद्या आमच्याकडे होती आणि कंपनीने ती कुलपात ठेवली नव्हती.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि ती भरली, एवढंच कारण. त्या गाड्या दुरुस्त होत नव्हत्या म्हणून गेल्या नाहीत, हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

वसईत या धंद्याला एक जास्तीचा शत्रू होता, खारी हवा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरं. पावसाळ्यात गाडीचं बूड वाटाण्याच्या सालासारखं सुटत जायचं. म्हणून मिरगाच्या आधी गाडी पिटवर घेऊन खालून ब्रशने जळकं ऑइल मारायची रीत होती. पाट्यांच्या स्प्रिंगांनाही तेच. मेच्या शेवटच्या आठवड्यात गिरीज, सांडोर, पापडीच्या गाड्यांची आमच्या शेडपुढे रांग लागायची. गंज त्याने खरोखर थांबायचा. पण ते ऑइल पावसात धुऊन जमिनीत आणि वाडीतल्या बावखलांत, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांत, उतरायचं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आज ती रीत बंद झाली आहे आणि बंदच राहिली पाहिजे. वसईच्या बागायतीचं पाणी गाडीच्या बुडापेक्षा मोठं आहे.

खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन पुसून फळीवर मांडली जात, त्यांना गंध आणि झेंडूची फुलं वाहिली जात, आणि त्या दिवशी कुणी पाना उचलत नसे. ख्रिस्ती गिऱ्हाइकं नवी गाडी आधी चर्चपुढे नेत, फादर पवित्र पाणी शिंपडत, मग ती गाडी आमच्याकडे पहिल्या ग्रीसिंगला येई. दोन्हींमागचा भाव एकच होता. यंत्र जिवंत नसलं तरी त्याची निगा राखायची असते, आणि ती राखणाऱ्याला मान असतो.

आता स्पोर्ट्‌स कारकडे येतो. आमच्याकडे सगळ्यांना वाटतं की स्पोर्ट्‌स कार हा पहिल्यापासून अगम्य प्रकार आहे. इतिहास अगदी उलट आहे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड १९६१ पासून आपल्या रस्त्यांवर आली. तिचं बॉनेट दोन्ही मडगार्ड आणि हेडलाइटसकट पुढे कलंडायचं. मग इंजिन, स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन सगळं उघडं. मेकॅनिक निवांत पुढच्या चाकावर बसून काम करायचा. मी हेरल्डवर जितक्या आरामात टॅपेट लावली तितक्या आरामात दुसऱ्या कुठल्याच गाडीवर लावली नाहीत. याच हेरल्डच्या चासीवरून आणि इंजिनावरून इंग्लंडात १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार निघाली आणि तिचंही बॉनेट तसंच पुढे पडायचं. जग्वारच्या प्रसिद्ध ई-टाइपचंही तसंच. अँबॅसडरमध्ये पुढे कित्येक वर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, ते ब्रिटनच्या बी-सिरीज घराण्यातलं. त्याच घराण्यातलं, त्याच मापाचं इंजिन १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्ये होतं. म्हणजे अँबॅसडरवर हात बसलेल्या कुठल्याही मिस्त्रीपुढे एमजी आणून उभी केली असती तर तो बिचकला नसता.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गाडीच्या मालकाने घरी काम कसं करावं हे फोटोंसकट दाखवणारी हेन्सची मॅन्युअलं जगभर गाजली. त्यांतलं पहिलं १९६६ साली निघालं आणि ते ऑस्टिन-हीली स्प्राइट या छोट्या स्पोर्ट्‌स कारचं होतं. जॉन हेन्स ब्रिटिश हवाई दलात एडनला असताना त्यांनी सहकाऱ्याची स्प्राइट खोलून पुन्हा जुळवली, कामाचे फोटो काढले, आणि त्यातून ही कल्पना निघाली. हेन्सचं हे छापील शास्त्र स्पोर्ट्‌स कारपासून सुरू झालं, याचं कुणाला आश्चर्य वाटायला नको. ती गाडी घेणारा माणूस हौशी असतो. त्याला ती चालवायची असते तशी खोलूनही बघायची असते.

आपल्याकडेही या वाटेने एक प्रयत्न झाला. गोव्यात वेर्ण्याला सॅन मोटर्सने १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची फायबर बॉडीची, उघड्या छताची छोटी गाडी काढली. इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं, साध्या छोट्या गाडीला शोभणारं. फार खपली नाही, पण विचार पक्का होता. दिखाऊ अंगाखाली हात लावण्याजोगं साधं इंजिन. अशी गाडी समुद्रकाठच्या गोव्यात व्हावी आणि तिचं अंग न गंजणाऱ्या फायबरचं असावं, हेही मला आवडलं होतं.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि आमच्या हातांचे पहिले हाल सुरू झाले. ७९६ सीसीचं इंजिन आडवं बसवलेलं, जागा कमी, बोटांची सालं निघायची. पण दोन-तीन वर्षांत हात सरावले. १९८४ च्या मारुती व्हॅनचं, जिला पुढे सगळे ओम्नी म्हणू लागले, इंजिन तर पुढच्या सीटखाली. सीट उचलायची, झाकण काढायचं आणि काम करायचं. त्याआधी वसईची केळी, भाजी आणि फुलं वाहणारी मॅटाडोर आम्ही करतच होतो. तिचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी केबिनमध्येच झाकणाखाली असायचं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

खरी अडचण आली ती २००० च्या आसपास. प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं आणि सगळा हिशेब एका संगणकाच्या डब्याकडे गेला. यंत्र म्हणून इंजेक्शन वाईट नाही. सीबी पॉइंट कायमचे गेले, चोक गेला, थंडीतल्या सकाळचं धक्का मारणं गेलं. पण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की तो का लागला हे सांगणारा स्कॅनर कंपनीच्या वर्कशॉपमध्येच, आणि सुटे पार्टही तिथेच. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या गाड्यांना एकाच मापाचं सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं होतं आणि कुणीही बाजारातला स्कॅनर लावून बिघाड वाचू शकत होता. आपल्याकडे तो नियम बऱ्याच उशिरा आला. त्या मधल्या वर्षांत होळी, पापडी, बंगली भागातल्या कित्येक चांगल्या मिस्त्र्यांनी शेड बंद केल्या. काहींनी रिक्षांची कामं धरली, काही आखातात गेले. त्यांचे हात चांगले होते, त्यांना माहितीच दिली गेली नाही.

हा प्रश्न पुढे भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला. २०११ साली एका ग्राहकाने तक्रार केली, चौकशी झाली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मुद्दा नेमका आमचाच होता. सुटे पार्ट, दुरुस्तीची मॅन्युअलं आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, म्हणून. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाचं प्रकरण लांबलं. पण सरकारी कागदावर प्रथमच लिहिलं गेलं की आपली गाडी कुठे दुरुस्त करायची हे ठरवण्याची मोकळीक ग्राहकाला असली पाहिजे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारीही धरल्या आहेत. आमच्या धंद्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? फार थोड्यांना, आणि याचं मला वाईट वाटतं.

काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या, जहाजावर नोकरी करणाऱ्या एका मुलाने जुनी पोर्शे बॉक्स्टर घेतली आणि माझ्याकडे आणली. “काका, बॉनेट उघडलं तर आत बॅगा ठेवायची जागा निघाली. मागे उघडलं तर तिथेही तेच!” असं तो म्हणाला. खरंच आहे. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या पोटात असतं आणि वरून ते दिसतच नाही. मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट भरायची दोन तोंडं, एवढंच.

पण मॅटाडोर आणि ओम्नी केलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय आहे? आम्ही गाडी जॅकवर उचलून चारी बाजूंना घोड्या लावल्या. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली जाऊ नये. ऑइलचा बोल्ट आठच्या एलन कीने निघतो. फिल्टर प्लास्टिकच्या डब्यात, खालूनच, हात सरळ पोहोचेल असा. त्याला लागते फक्त टोपीसारखी एक चावी. ऑइल मात्र फियाटच्या दुपटीहून जास्त, सुमारे आठ लिटर, म्हणून टब मोठा लागतो. ब्रेकचे पॅड बदलणं तर मला फियाटच्या ड्रम ब्रेकपेक्षा कितीतरी सोपं वाटलं. चाक काढलं, पिन ठोकून बाहेर घेतली की पॅड निघतात, कॅलिपर जागेवरून हलवावा लागत नाही. फियाटच्या ड्रमातल्या त्या स्प्रिंगा पकडीने ताणताना किती नखं गेली, ते माझं मला ठाऊक. बेल्ट बदलायला सीटच्या मागचा गालिचा उचलून आतलं झाकण काढायचं, थेट मॅटाडोरची आठवण. एअर फिल्टरसाठी कापडी छत अर्धं उघडून त्याखालचं झाकण काढावं लागतं. ते पहिल्यांदा करताना मात्र मॅन्युअल समोर ठेवूनच केलं. प्लग मागची चाकं काढून खालून, दोन्ही बाजूंना तीन-तीन. ते काम वेळखाऊ आहे, सोपं म्हणणार नाही. आणि सर्व्हिसचा दिवा विझवायला स्कॅनर लागतो. तो आता बाजारात मिळतो आणि माझ्याकडे आहे.

म्हणजे नव्या गाडीत रोजच्या कामाची जागा बदलली, वरची खाली आणि बाहेरची आत गेली. ती जागा किती मोकळी ठेवायची हे गाडी आखणारा ठरवतो. याचा पुरावा फेरारीतच आहे. नव्वदच्या दशकातल्या एफ ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागे. त्यानंतरच्या ३६० मध्ये त्याच कामासाठी सीटच्या मागे एक झाकण ठेवलं आणि इंजिन जागेवरच राहिलं. त्यापुढच्या एफ ४३० मध्ये बेल्टच काढून चेन बसवली. तीच कंपनी, तशाच वेगाच्या गाड्या. कुणीतरी मेकॅनिकच्या हाताचा विचार केला, एवढाच फरक. जपानात २०१२ साली आलेल्या टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या गाड्यांत ऑइल फिल्टर इंजिनाच्या वरच्या अंगाला ठेवला आहे. बॉनेट उघडून उभ्या-उभ्या बदलता येतो. या गाड्या आपल्याकडे विकल्या जात नाहीत, पण असं करता येतं हे त्यांनी दाखवून दिलं. तेव्हा “नवी गाडी आहे, अवघडच असणार” हे उत्तर मी कुठल्याही सेल्समनकडून ऐकून घेत नाही.

पोर्शेवालं पोरगं आता जहाजावरून सुट्टीवर आलं की माझ्या शेडमध्ये स्वतः ऑइल बदलतं, मी बाजूला उभा राहतो. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून पुनर्वापर करणाऱ्याकडे जातं, जमिनीवर एक थेंब सांडू देत नाही. त्याच्याबरोबर त्याचे दोन मित्रही येतात आणि त्यांना कुठला पाना कुठे लागतो ते विचारावंसं वाटतं.

माझी वसईकरांना आणि इतरही गाडी घेणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. गाडी बघायला जाल तेव्हा रंग आणि स्क्रीन बघून झाल्यावर बॉनेट उघडायला सांगा. ऑइल फिल्टर कुठे आहे, जॅक लावायच्या जागा कोणत्या, ब्रेक पॅड कसे निघतात आणि दुरुस्तीचं मॅन्युअल बाहेरच्या गॅरेजला मिळतं का, हे चार प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते लेखी मागा. विचारणारी माणसं वाढली की आखणाऱ्यांना जागा ठेवावीच लागेल. आणि ज्याला एकदा स्वतःच्या हाताने फिल्टर बदलून बघायचा असेल, त्याने रविवारी सकाळी होळीवर यावं. घोड्या आणि पाने माझ्याकडे आहेत.